दिवाळीचा मांडव आणि कोरडा नळ

आमच्या मंडपवाल्यांच्या धंद्यात किस्से शोधायला जावं लागत नाही. दसऱ्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत आम्ही जिथं बांबू रोवतो, तिथं कोण ना कोण अक्कल गहाण टाकून उभाच असतो. एकीकडं सरकार, एकीकडं गिऱ्हाईक, आणि दिवाळी आली की दोघांच्याही हाताला खाज सुटते. मी आणि माझा भागीदार शिवादा उचगावच्या गोडाऊनला चहा घेऊन बसलो की एकेक निघत जातं.

गेल्या दिवाळीत मात्र हसता हसता माझं डोकं फिरत होतं. दसऱ्यापासनं आमच्या गल्लीच्या नळाला पाणी नव्हतं. पाण्याच्या ऑफिसला विचारलं की एकच उत्तर, मोटर जळालीय, दुरुस्तीला निधी नाही! आणि घरात आईचं टुमणं चालू. नरकचतुर्दशीची पहिली आंघोळ दिवस उगवायच्या आत, घरातल्या प्रत्येकाची झालीच पाहिजे. "बिनआंगुळीचं फराळाला शिवलासा तर हात मोडीन," एवढं सांगून ती लाडू वळायला बसली.

*

पहिला मांडव घातला तो घरगुती वस्तूंच्या दुकानापुढं. सेल! सकाळी लवकर येणाऱ्यांना मिक्सर फुकट. आम्ही बांबूचं मजबूत बॅरिकेड बांधलेलं, पण शटर अर्धं वर गेलं आणि पब्लिक खालनं सरपटत आत. सगळ्यात पुढं एक बाई. गळ्यात जाड गंठण, बाहेर ड्रायव्हरसकट गाडी उभी. साडीला शटरचं ग्रीस लागलं, एक चप्पल गेली, पण मिक्सर मिळवला बघा.

शिवादानं चप्पल शोधून दिली आणि विचारलं, ताई, घरात मिक्सर नव्हता काय? तीन हायत म्हणाल्या. मग तो फुकटचा खोका काखेत मारून त्या काउंटरवर गेल्या आणि मालकाला म्हणाल्या,

"ह्याच्यावर काय फ्री हाय?"

मालक उठला आणि आत देवापुढं अगरबत्ती लावायला गेला.

*

आमच्या गल्लीत एक सर राहतात. शाळेत पोरांना काटकसरीवर निबंध घालतात. त्यांनी ऑफर बघून हप्त्यावर एवढा मोठा टीव्ही घेतला की तो जिन्यानंच चढेना. मग आमची आठवण. बांबू, दोर, कप्पी लावून गॅलरीतनं वर ओढला. त्यासाठी गॅलरीचं ग्रील कापलं, ते परत बसवायचा खर्च वेगळा.

चार दिवसांनी मी खालनं चाललो होतो, तर सर गॅलरीत खुर्ची टाकून, हॉलकडं तोंड करून बसलेले. काय सर, इथं का? तर म्हणाले,

"आत टीव्ही बसलाय. मी कुठं बसू?"

*

आता सरकारची पाळी. 'पाणी वाचवा' म्हणून मेळावा होता. थंड हवेचा मांडव, लाल गालिचा, स्टेजवर फुलांचा धबधबा आणि प्रत्येक खुर्चीवर पाण्याची बाटली. आमच्या गल्लीच्या मोटरीला निधी नव्हता तो ह्याच आठवड्यात, बरं का! वक्ते बोलत होते, माणसं एकेक घोट पिऊन बाटल्या खुर्चीखाली सोडत होती.

मेळावा उठला तसा शिवादा कामाला लागला. अर्ध्यामुर्ध्या बाटल्या उचलायच्या आणि टेम्पोतल्या पिंपात ओतायच्या. पिंप भरत आलं तेव्हा एक साहेब धावत आले. हे काय चाललंय, कोणी परवानगी दिली, म्हणून ओरडायला लागले. शिवादानं हातातली बाटली खाली न ठेवता स्टेजवरच्या बॅनरकडं बोट केलं.

"वाचवतोय की."

त्या दिवशी आमच्या गल्लीत घरटी एक कळशी वाटली. भांडी घासून झाली, आंघोळीचा प्रश्न तसाच राहिला.

*

झाडांवरच्या रोषणाईचं तर काय सांगू! ऑर्डर होती, रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या झाडांना लाईटच्या माळा गुंडाळायच्या. जागेवर जाऊन बघतो तर एका बाजूला झाडंच नाहीत. रुंदीकरणात तोडलेली. मी इंजिनिअर साहेबांना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "झाडं नाहीत म्हणून रोषणाई कशी थांबवणार? मंजूर आहे ती."

मग काय, नाद खुळा! आम्ही ओळीनं बांबू रोवले, लग्नातली प्लॅस्टिकची पानं वर बांधली आणि माळा गुंडाळल्या. खऱ्या झाडांपेक्षा भारी दिसायला लागली. दिवाळीनंतर बांबू काढायला गेलो, तर प्रत्येकाला पत्र्याचा नंबर ठोकलेला. झाडं मोजणारे येऊन गेले होते. काढायला लागलो तर एक चौकीदार अडवायला आला. विनापरवाना वृक्षतोड म्हणे.

*

माझी बायकोही काय कमी नाही. पाण्याच्या काळजीनं तिनं मोबाईलवर ड्रम मागवला. दोन ड्रमवर एक ड्रम फुकट होता, म्हणून तीन आले. मी तापलोच. घरात थेंब नाही आणि ड्रम कसले आणतीस?

ती म्हणाली, "पाणी आलं आन ठेवायला जागा नसली म्हंजे?"

पुढं बोलण्यात अर्थ नव्हता. ड्रम घरात मावेनात म्हणून मीच ते गच्चीवर चढवले.

*

आणि मग ते कारंजं. आमच्याच गल्लीच्या तोंडाला, सुशोभीकरण! गाण्यावर नाचणारं, रंगीत लाईटचं. उद्घाटन नरकचतुर्दशीला, दिवाळी पहाटच्या कार्यक्रमात. मांडव अर्थातच आमचा. आदल्या दिवशी टँकरवर टँकर येऊन हौद काठोकाठ भरला. गल्लीतल्या बायका कळश्या घेऊन गेल्या, तर रखवालदारानं हाकलल्या. हे पाणी शोभेचं आहे, म्हणाला. आई ते ऐकून घरात आली, पदर खोचला आणि गल्लीत दारोदार निघाली. आईनं पदर खोचला की मला धडकी भरते.

पहाटे अंधार होता. गायक सूर लावतायत, पाहुणे साहेब मुंबईहून रातोरात गाडीनं आलेले. साहेबांनी बटण दाबलं. पाणी उडालं, टाळ्या पडल्या.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. पुढं आई. एका हातात पाट, दुसऱ्यात तेला-उटण्याच्या वाट्या. मागं अख्खी गल्ली, खांद्यावर टॉवेल टाकून. आईनं कारंज्याच्या कडेला पाट मांडला आणि माझ्याकडं बघितलं. "बस खाली."

मी शेहेचाळीस वर्षांचा माणूस. नव्या शर्टावर आयोजकांचा बिल्ला. पण आईच्या आवाजापुढं काय चालतंय? शर्ट काढला, बसलो. तिनं खसाखसा उटणं लावलं आणि तांब्यानं हौदातलं गार पाणी डोक्यावर ओतलं. लाईटनं अंग एकदा लाल दिसतंय, एकदा हिरवं. गायकाचा सूर गेला. बायकोनं ओवाळलं. मी उठलो तर शिवादा बनियनवरच रांगेत नंबर लावून उभा.

ऑफिसचे एक साहेब पळत आले. "आजी, हे शोभेचं पाणी आहे!"

"दिसतंय की," आई म्हणाली. "नळाला न्हाय, म्हून हितं आलोय."

स्टेजवरनं पाहुणे साहेब हळूहळू खाली उतरले आणि पाटापुढं येऊन उभे राहिले. आता आईला धरून नेतात की काय, म्हणून मी ओल्या अंगानंच पुढं सरकलो. आईनं त्यांना खालपासनं वरपर्यंत न्याहाळलं.

"पावणं, तुमची आंगुळ झाली?"

साहेब कसंनुसं हसले. रात्रभर प्रवासातच होतो, म्हणाले.

"मग बसा की. पाट मोकळाच हाय."

साहेबांनी एकदा कारंज्याकडं बघितलं, एकदा टॉवेल घेऊन उभ्या असलेल्या गल्लीकडं. आणि मनगटावरचं घड्याळ सोडून पीएच्या हातात दिलं.