आबांनी मागितलेली सॅम्पलची पिशवी

"आबा, आता तुम्ही चार शब्द बोला," आमचे साहेब म्हणाले.

कळसच्या शिवारात आमच्या बियाणे कंपनीचा फील्ड डे होता. म्हणजे उभं पीक दाखवायचं, चहा पाजायचा आणि ज्याच्या रानात ते पीक आहे त्याच्या तोंडून कौतुक ऐकवायचं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बारामतीच्या ऑफिसात प्रोबेशनवर होतो. नोकरी पक्की होणार की नाही, ते त्या दिवसावर होतं.

ज्वारीच्या नव्या बियाण्याच्या लहान पिशव्या आम्ही सॅम्पल म्हणून फुकट देत असू. गावात गाडी थांबली की हात पुढे येत. बऱ्याच पिशव्या पुढे फळीवर पडून राहत. म्हाळूआबांनीही मागितली. त्यांच्या घरी पूर्वी मोठा कळप होता. आता शेती आणि दारात थोडी मेंढरं. पिशवी हातात घेऊन त्यांनी विचारलं, "पावणं, फुकट घेतल्यावर आमी काय करायचं असतंय?"

हे मला आधी कुणी विचारलं नव्हतं.

"तुमच्या शाळूशेजारी पेरा. कसं आलं ते लोकांना सांगा."

"व्हय. सांगीन."

त्यांनी विहिरीजवळची काळी पट्टी निवडली. निम्म्यात आमचं बियाणं, निम्म्यात घरचा शाळू, म्हणजे तिथली रब्बीची ज्वारी. तिथं दरवर्षी कांदा असे. त्या वर्षी केला नाही.

"आबा, कडेला पेरलं असतं तरी चाललं असतं."

"मागून आणलंय. कडंला टाकून त्येची परीक्षा व्हती का?"

तर फील्ड डेला आबा उभे राहिले. आमचं कणीस हातात धरून म्हणाले, "दाणा टपोरा हाय. आमच्यापेक्षा जास्त उतरंल. हुरडा बी भाजून बघितला, ग्वाड हाय." साहेब खुलले. मग आबांनी आधीच कापून वाळवलेल्या दोन पेंढ्या पुढे टाकल्या आणि मेंढरं सोडली. मेंढरांनी आमची पेंढी हुंगली आणि सरळ घरच्या शाळूवर तुटून पडली. एक परत आलं. पुन्हा हुंगलं. तेही गेलं.

"ह्येचा कडबा जनावर खात न्हाय," आबा म्हणाले. "ह्ये बी बघून घ्या."

मागून कुणीतरी ओरडलं, "आबा, कंपनीचा च्या तरी पितील का बघा!"

साहेबांचा चेहरा उतरला. "अहो, बियाणं तर आम्ही फुकट दिलं होतं!"

"म्हणून तर सायेब. इकत घेतलं असतं तर मला एकट्याला कळून भागलं असतं. फुकटचं हाय, ते समद्या गावाला कळाय पायजे."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, मोठेपणाही नव्हता. मी पुष्कळ वाचत असे. पण फुकट घेण्याचा असा अर्थ कुठं वाचला नव्हता. आबा गेल्याचं परवा कळलं, तेव्हापासून ते तसेच उभे दिसतात, हातात कणीस धरून.

त्या दिवशी ज्यांच्याकडे जनावरं नव्हती, त्यांनी बियाण्याची चौकशी तिथंच केली. कडब्याबद्दल खरं बोलणारा माणूस दाण्याबद्दल खोटं कशाला बोलेल, असं त्यांचं म्हणणं. बाकीचे चहा पिऊन गेले.

बारामतीला जीपमधून उतरताना साहेब म्हणाले, "चौकशी तर झाली. तुझी नोकरी पक्की समज. पण पुढचा प्लॉट मेंढरं नसलेल्याकडं टाक."

मी मान डोलावली. पुढच्या हंगामात नवी पिशवी घेऊन पहिल्यांदा आबांच्याच दारात गेलो. सॅम्पल वाटणाऱ्याने एवढं धरून चालावं, की कधीतरी कुणीतरी ते खरोखरच तपासून बघेल.