न होणारं आधी सांगणाऱ्या वकीलकाकू

पक्षकार समोर येऊन बसला, त्याने पिशवीतून कागद काढले, की वकीलकाकू ते शेवटच्या पानापासून वाचायला घेत. मग चष्म्यावरून बघत पहिलं वाक्य बोलत ते असं, "आधी आपण हरणार कुठे ते बघू." नव्या माणसाचा चेहराच पडायचा. ठाण्याच्या कोर्टाजवळ एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या पोटमाळ्यावर त्यांचं ऑफिस होतं. जिना उतरणाऱ्याच्या तोंडाकडे बघून झेरॉक्सवाला ओळखायचा, हा परत येणार की नाही. निम्मेअधिक यायचे नाहीत. जे यायचे ते मग मुलांच्या लग्नाच्या पत्रिका घेऊनही यायचे.

मी लहान असताना ठाण्यात कोपरीला त्या आमच्या शेजारी राहायच्या, म्हणून माझ्यासाठी त्या काकू. कोर्टात त्या बाई होत्या, पुढे डोंबिवलीला राहायला गेल्यावर सगळ्यांच्याच वकीलकाकू झाल्या. मुरबाड-शहापूरकडच्या कोर्टाची तारीख असली की पहाटे डबा घेऊन निघत आणि खोपटहून एसटी पकडत. गाडीत शेजारी बसलेल्या माणसाचा जमिनीचा वाद त्यांना फुकटात ऐकावा लागे. ऐकून घेत आणि उतरताना सांगत, "तुमची बाजू खरी आहे, पण सिद्ध होणार नाही. भावाशी बोला." माझी आई म्हणायची, या बाईला गोड बोलायला शिकवलंच नाही कुणी.

त्यांच्याविषयी गोड लिहिण्याचा अधिकार मला नाही. मागच्या विधानसभेला काकू अपक्ष उभ्या राहिल्या, त्यांच्या सूचकांत पहिली सही माझी होती, आणि भर सभेत त्यांना खोटं पाडलं तेही मीच. हे बरेच दिवस मी घरातही धड बोललो नव्हतो. आता लिहायला बसलोच आहे तर ते झाकून पुढे जाणार नाही.

त्या उभ्या का राहिल्या, हे मी एकदा विचारलं होतं. म्हणाल्या, "चाळीस वर्षं दुसऱ्यांनी केलेल्या कायद्यांतली भोकं बुजवतेय. एकदा जिथे कापड विणतात तिथे जाऊन बघावं म्हणते." निवडून येण्याची आशा त्यांना नव्हती. पण लोकांनी आमदाराला काय विचारायचं असतं, हे एकदा तरी कुणीतरी सांगायला हवं, असं त्यांचं ठाम मत होतं. गटार तुंबलं, झाडाची फांदी तोडायची आहे, पूजेला मंडप हवा, असं घेऊन कुणी आलं की त्या म्हणत, "हे नगरसेवकाचं काम. आमदाराला विचारा, कोणता कायदा आणणार आणि कुठल्याला विरोध करणार." लोक ऐकून घेत आणि परत मंडपाचं विचारत.

चिन्ह मिळालं इस्त्री. कार्यकर्ते म्हणावेत तर आम्ही सात-आठ जण, त्यातले दोघे त्यांचे जुने पक्षकार. शेअर रिक्षाच्या स्टँडवर मत मागायला गेलो, तर काकूंनी पहिल्यांदा सांगितलं की मीटर सक्तीचं व्हावं या बाजूची मी आहे, आणि मग मत मागितलं. रिक्षावाले हसायला लागले. एक जण म्हणाला, "काकू, इस्त्री लय गरम आहे तुमची, कपडे जाळाल." काकूही हसल्या. नंतर तिथेच कट्ट्यावर बसून त्यांनी सांगितलं की मीटर सक्तीचं करणाऱ्या सरकारने रिक्षांचे परवाने वाटणंही थांबवलं पाहिजे, नाहीतर पोट कुणाचंच भरणार नाही. तिथे मात्र माना हलल्या.

पाण्याचंही तसंच. बाहेरच्या बाजूच्या गावांत प्रत्येक उमेदवार टँकरमुक्तीचं वचन देत होता. काकू म्हणायच्या, पाइप टाकून पूर्ण होईपर्यंत माझी मुदत संपेल. तोवर टँकर बंद होणार नाहीत. तोवर टँकर कुठे भरतो, कुठे जातो, हे सगळ्यांना उघड दिसेल असा नियम मी मागेन. मी कपाळाला हात लावायचो. "काकू, निदान प्रचारात तरी थोडं पुढचं बोला." त्या म्हणायच्या, "पुढचंच बोलतेय. मागचं बोलणारे बाकी सगळे आहेत."

खाडीकाठच्या जुन्या गावात गेलो तेव्हाची गोष्ट मला फार आवडते. एक म्हातारी कोळीण ओट्यावर सुकट निवडत बसली होती. आमचं सगळं ऐकून घेतल्यावर तिने मान वर न करता विचारलं, "बाय, खारीन मासली नाय ऱ्हेली. तुजा कायदा आमचे जाल्यान येनार हाय का?"

"नाही येणार, मावशी," काकू म्हणाल्या. "पण खाडीत घाण सोडतात त्यांच्या गळ्यात तो अडकवता येईल. आणि तुमच्या कोळीवाड्याची हद्द कागदावर आखून घेता येईल. एवढंच."

म्हातारीने पहिल्यांदा मान वर केली. "येवराच बोलतंय ही," ती शेजारणीला म्हणाली, आणि निघताना सुकटीची पुडी काकूंच्या हातात कोंबली. काकू शाकाहारी. ती पुडी त्यांनी वाटभर मांडीवर धरून आणली आणि मग माझ्या बायकोला दिली.

आता माझ्या इमारतीचं. आम्ही डोंबिवलीला लागूनच्या एका गावात घर घ्यायचं ठरवलं तेव्हा सगळे कागद मी काकूंनाच दाखवले होते. त्यांनी नेहमीप्रमाणे मागून पुढे वाचले आणि बांधकाम परवानगीवरच्या शिक्क्यावर बोट ठेवलं. ग्रामपंचायतीचा शिक्का होता, आणि गाव तर त्याआधीच महापालिकेत गेलेलं. म्हणजे परवानगी देणाऱ्याला ती देण्याचा अधिकारच नव्हता. "घेऊ नकोस," त्या म्हणाल्या. मी घेतलं. कायदेशीर इमारतीतलं घर माझ्या पगाराच्या पलीकडे होतं आणि आईला जिना चढवत नव्हता, आमच्याकडे लिफ्ट होती. घर घेतल्यावर त्या वास्तुशांतीला आल्या, जेवल्या, आणि त्या विषयावर पुन्हा चकार शब्द बोलल्या नाहीत. मीही शेजाऱ्यांशी बोललो नाही. दोन वर्षांनी त्याच शेजाऱ्यांनी मला सेक्रेटरी केलं.

निवडणुकीत आमच्याकडे सोसायटीने एकगठ्ठा मत ठरवायची पद्धत आहे. उमेदवार येतो, बैठक होते, कुणी इमारतीला रंग देतो, कुणी अंगणात पेव्हर ब्लॉक बसवून देतो. काकूंच्या सभेच्या आधीच्या आठवड्यात एका मोठ्या पक्षाची माणसं येऊन गेली होती. सगळ्या अनधिकृत इमारती नियमित करून देऊ, असं सांगून गेली होती, आणि ब्लॉकचे ढीग गेटपाशी येऊन पडले होते. त्या ढिगांसमोरच खुर्च्या मांडून काकूंची सभा झाली.

तळमजल्यावरचे सावंत उठले. सावंत म्हणजे आमच्या इमारतीचा आवाज, त्यांना पटलं की सगळ्यांना पटतं. म्हणाले, "काकू, पाणी-रिक्षा सगळं ठीक आहे. बिल्डिंगचं काय ते सांगा."

काकू म्हणाल्या, "सगळ्या इमारती नियमित करीन असं मी कुणालाच सांगत नाही. तपासणीत जी टिकणार नाही ती टिकणार नाही. पण दुसरं घर हातात दिल्याशिवाय एकाही माणसाला बाहेर काढता येणार नाही, असा कायदा मी मागेन. आणि त्या घराचा खर्च ज्याने बांधली आणि ज्याने खोट्या परवानगीवर सही केली, त्यांच्याकडून."

"म्हणजे पाडणार," मागून एक बाई म्हणाली.

"थांबा हो," सावंत म्हणाले. "आमची त्यातली आहे का, ते विचारतोय मी."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत मला पकडण्याचा हेतू नव्हता. त्या परवानगी मागत होत्या. माझे कागद त्यांनी वकील म्हणून पाहिले होते, आणि पक्षकाराची गोष्ट त्याच्या होकाराशिवाय बाहेर काढायची नाही, हा त्यांचा नियम मला लहानपणापासून माहीत होता. मी नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "काकूंना आपल्या बिल्डिंगची माहिती नाही. आपले कागद व्यवस्थित आहेत. मी स्वतः बघितलेत."

काकूंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. "पुढचा प्रश्न?" म्हणाल्या. कुणीतरी म्हणालं, "इस्त्री थंड पडली," आणि अंगणात हशा झाला. मीही हसलो. घर डोळ्यांसमोर होतं, वर खिडकीत आई बसलेली दिसत होती, हे सगळं खरं आहे. पण हसायची गरज नव्हती.

काकूंचं डिपॉझिट गेलं. निकालानंतर मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्या दुसऱ्या दिवशीच्या तारखेचे कागद वाचत बसल्या होत्या. मी खूप फिरवून फिरवून माफी मागत होतो, तर त्यांनी मला थांबवलं.

"राग आला नाही असं नाही. आला. पण अरे, मला आदल्या दिवशी एक फोन करायचास. तुझ्या सोसायटीत मी आलेच नसते."

हे मला सुचलंच नव्हतं. माझ्यासाठी त्यांनी एक अंगण सहज सोडून दिलं असतं. मग त्या म्हणाल्या, "एक मात्र चुकलं, आणि ते माझंही आहे. वकील समोर असून गप्प बसली, म्हणजे सेक्रेटरी बोलतो ते खरं, असं लोक धरून चालतील. मला बोलता येत नाही. तुला येतं. लवकर सांगून टाक त्यांना."

मी हो म्हणालो. सणवार झाले, मग आईचं आजारपण, मग सांगू म्हणता म्हणता वर्ष सरलं. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट विकायला निघाला, आणि तो सावंतांच्या मेव्हण्याने, अनिलने घेतला. सेक्रेटरी म्हणून ना-हरकत पत्रावर सही माझीच. नीट, वळणदार सही केली. अनिलच्या बायकोने पेढे आणून दिले. ते मी खाल्ले.

या पावसाळ्यात काकू गेल्या. आदल्या दिवशी कोर्टात उभ्या होत्या, सकाळी उठल्याच नाहीत. शोकसभा डोंबिवलीतच एका लहानशा सभागृहात झाली. झेरॉक्सवाला आला होता, पक्षकार होते, ती रिक्षावाली मंडळी होती, आमच्या इमारतीतलेही पाच-सहा जण होते. बोलणारे मनापासून बोलत होते. मग सावंत उठले. त्यांच्या बोलण्यात कुठेही कुचेष्टा नव्हती.

"काकू सरळ बाई होत्या," ते म्हणाले. "पटेल ते तोंडावर सांगायच्या. एकदा आमच्याकडे सभेत आमच्या बिल्डिंगबद्दल चुकीच्या माहितीवर बोलत होत्या, पण सेक्रेटरींनी लक्षात आणून दिल्यावर लगेच गप्प झाल्या. एवढा मोठेपणा कुणाकडे असतो?"

लोकांनी कौतुकाने माना डोलावल्या. काकूंच्या फोटोला हार घातलेला होता. त्यांच्या आयुष्यात खोटं असं एकच वाक्य त्यांच्या नावावर जमा झालं होतं, आणि ते माझं होतं. त्या गेल्यावरही ते असंच गुणगान होऊन फिरत राहणार होतं.

मी उठून उभा राहिलो आणि सांगितलं की माहिती चुकीची नव्हती. शिक्का, गाव, मी घर घेण्याआधी काकूंनी काय सांगितलं, त्या गप्प का बसल्या, सगळं सांगितलं. नीट बोललो की नाही आठवत नाही. बसलो तेव्हा शेजारची सावंतांची खुर्ची रिकामी होती.

बाहेर सावंत चपला घालून उभे होते. मला वाटलं शिव्या देतील. ते रस्त्याकडे बघत होते.

"मी अनिलला म्हटलं होतं," ते हळू आवाजात म्हणाले, "वकीलबाईसमोर सेक्रेटरी बोलला आणि बाई गप्प बसली, आता कसली भीती. त्या एका गोष्टीवर त्याने गावची जमीन विकली."

"मी सांगतो त्याला," मी म्हणालो.

"सांगायलाच लागेल. आत्ता चला."

आम्ही चालतच आमच्या इमारतीपर्यंत आलो. लिफ्टने न जाता जिन्याने चढलो, का ते माहीत नाही. तिसऱ्या मजल्यावर दाराला नवी नावाची पाटी होती, खाली चपलांचा नवा स्टँड. सावंतांनी बेल वाजवली आणि ते एक पाऊल मागे सरकले, म्हणजे दारासमोर मी एकटा राहिलो. आतून अनिलच्या बायकोचा आवाज आला, "कोण आहे?" मी माझं नाव सांगितलं.

"अय्या, सेक्रेटरी काका," ती आत कुणाला तरी म्हणाली, आणि कडी काढायला धावत आली.