त्र्यंबकरावांच्या हाडातली बिऱ्हाडं

अमेरिकेत शॉमबर्गला मुलाकडे राहायला आल्यापासून त्र्यंबकराव देशकरांना एकच काम उरलं होतं: डब्या-पुड्यांवरची बारीक अक्षरं वाचणं. नागपूरला हाऊसिंग बोर्डात असताना ते चाळींचे नकाशे वाचत, इथे बिस्किटांचे पुडे. कुठल्या बिस्किटात डुकराची चरबी, कुठल्या जेलीत हाडांचा अर्क, सगळं त्यांना पाठ होतं. महाराष्ट्र मंडळाच्या जेवणाला कोणी घरून भाजी करून आणली, तर ती बाई आधी तेलाची रिकामी बाटली त्यांच्यापुढे धरायची आणि मगच वाढायची.

मुलगी उत्तरा अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, सनीव्हेलला. नवरा डेव्हिड, त्यामुळे घरात चिकन शिजायचं. त्र्यंबकराव तिच्याकडे गेले की स्वतःचा कुकर नेत आणि पाणी गॅरेजमधल्या नळाचं पीत. मागच्या खेपेला त्यांनी तिचा फ्रिज उघडून एकेक पाकीट वाचून काढलं, तेव्हा ती म्हणाली होती, “बाबा, पुढच्या वेळी किचनही घेऊन या.” तेव्हापासून सनीव्हेलचे फोन फक्त त्यांची बायको सुमित्राबाई घेत.

अठ्ठ्याऐंशी साली त्र्यंबकरावांचा खुबा बदलावा लागला. मंडळातला हेमचंद्र त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये संशोधन करायचा. तो ऑपरेशनच्या आधी भेटायला आला आणि चाचरत म्हणाला की काढलेलं हाड एरवी फेकूनच देतात, ते मला मिळालं तर बरं होईल. त्र्यंबकरावांनी गावची शेतजमीन दान करावी तशा थाटात हाड दिलं.

हेमचंद्रची अडचण मोठी होती. हाडाच्या आतल्या मगजात रक्त तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या काढून प्लास्टिकच्या सपाट बशीत ठेवल्या, की काही आठवड्यांत मरून जातात. हाडात त्यांना कोनाडे असतात, आधार देणाऱ्या दुसऱ्या पेशींचा शेजार असतो. बशीत नुसतं मैदान. म्हणून त्याने बशीत नायलॉनची बारीक जाळी बसवली. आधी आधाराच्या पेशी जाळीवर चढवल्या, आणि त्या नीट पसरल्यावर रक्ताच्या पेशी भोकाभोकांत राहायला सोडल्या. कितीतरी हाडं वाया गेली. तगल्या त्या फक्त त्र्यंबकरावांच्या पेशी.

त्र्यंबकरावांना यात नवल वाटलं नाही. “चाळ आहे ती,” ते सगळ्यांना सांगत. “सपाट मैदानावर माणूस तरी जगतो का?” हे सांगताना ते खिडकीबाहेर पाहत. तिथे मैलभर हिरवळ होती आणि चिटपाखरू नव्हतं. मंडळात कोणी तब्येत विचारली, की ते म्हणत, “मी बरा आहे. तिकडचेही बरे आहेत.”

मग हेमचंद्रने एक चूक केली. हाड देणाऱ्याला साधा चहाही पाजला नाही हे त्याच्या मनाला लागून राहिलं होतं, म्हणून त्याने काकांना लॅबमध्ये बोलावलं. त्र्यंबकराव सूट घालून, काठी टेकत आले. बराच वेळ मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले. जाळीच्या दोऱ्यांना बिलगून गोल गोल चकचकीत पेशी बसल्या होत्या.

“शेजारी कोण आहेत यांचे?”

“सगळे तुम्हीच, काका.”

“मग भांडणं होत असतील,” ते समाधानाने म्हणाले. आणि कुणाही यजमानाला विचारावं तसं त्यांनी विचारलं, “जेवायला काय घालतोस?”

हेमचंद्र म्हणाला, मीडियम असतं. साखर, क्षार, व्हिटॅमिन्स. त्र्यंबकरावांनी मान डोलावली, पण हात सवयीने टेबलावरच्या बाटलीकडे गेला. चष्मा वर सरकवून त्यांनी वाचलं. घोड्याचं सीरम.

हेमचंद्र घाईने म्हणाला की घोडा जिवंत असतो, तो फक्त ब्लड डोनेट करतो. त्र्यंबकरावांनी विचार केला. त्यांनी हाड दिलं, घोड्याने रक्त दिलं. दोघेही दातेच. घोडा मंजूर झाला. तेवढ्यात त्यांना दिसलं की हेमचंद्रने शेजारच्या बाटलीवर तळहात ठेवला आहे.

“हात काढ.”

हेमचंद्रने हात काढला. लेबलावर वासरू होतं. जन्माला न आलेलं.

त्र्यंबकराव खुर्चीत बसले. साठ वर्षांहून अधिक काळ त्यांनी अंडं घातलेला केकसुद्धा तोंडात घेतला नव्हता, आणि त्यांच्याच हाडातली मंडळी इथे कित्येक आठवडे हे जेवत होती.

“सोयाबीन घाल.”

“ट्राय केलंय, काका. मेल्या.”

“आणि काहीच घातलं नाही तर?”

“तरी मरतील. आजच फीडिंगचा दिवस आहे. जाळीवर वाढवलेलं हे एवढं एकच कल्चर उरलंय माझ्याकडे. ते गेलं तर प्रोजेक्ट कॅन्सल होईल.”

त्र्यंबकरावांनी बजावलं की मी फोन करीपर्यंत त्यांना काही घालायचं नाही. हाड त्यांचं होतं. हेमचंद्रला नाही म्हणवेना.

संध्याकाळी ते ताटावर बसेनात. ते उपाशी असताना मी कसा जेवू, म्हणाले. ते कोण, हे सुमित्राबाईंना समजावून घ्यायला थोडा वेळ लागला. मेथी निवडत त्यांनी सगळं ऐकलं.

“अहो, हाड तुम्ही दिलंत ना?”

“दिलं.”

“मग दिल्या घरी काय शिजतं ते विचारायचं नसतं.”

“मी विचारलं नाही. वाचलं.”

“उत्तराकडेही तुम्ही वाचलंतच,” सुमित्राबाई म्हणाल्या आणि काड्या घेऊन आत गेल्या.

त्र्यंबकराव बराच वेळ फोनपाशी बसून होते. मग त्यांनी लॅबचा नंबर फिरवला. हेमचंद्र जागेवरच होता, घरी गेलाच नव्हता.

“घाल त्यांना जेवायला. पोटभर घाल.”

आनंदाच्या भरात हेमचंद्रने विचारलं, एकादशीला काय करू?

“एकादशी मी करतो ना. त्यांच्या वाटचीही करीन.”

लगेच त्यांनी सनीव्हेलचा नंबर लावला. डेव्हिडने उचलला. उत्तरा जेवली का, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं. ती स्वयंपाक करते आहे, तो म्हणाला. काय करते आहे, हे त्र्यंबकरावांच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यांनी विचारलं नाही.

“तिला सांग, पुढच्या महिन्यात आम्ही येतो. आणि सांग, कुकर आणत नाही.”

मग ते ताटावर बसले. दुकानातून आणलेल्या लोणच्याच्या नव्या बरणीवर काहीतरी बारीक छापलेलं होतं. त्यांचा हात चष्म्याकडे गेला, तेव्हा सुमित्राबाईंनी बरणी हळूच फिरवून ठेवली.