बंबात न गेलेले ओंडके

आंब्याचे तीन ओंडके मी डिंडोलीच्या घरी आणले, तेव्हा सासूबाईंना वाटलं, सुनेला अक्कल आली, बंबासाठी जळण आणलं. त्यांत धिंगरी अळंबी लावणार आहे म्हटल्यावर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "हाई कुत्रानी छत्री मन्हा घरमा?"

बारडोलीला बायकांसाठी अळंबीचं दोन दिवसांचं शिबिर होतं. तिथून मी ज्वारीवर वाढवलेलं बी पिशवीत घालून आणलं होतं. नववीत शाळा सुटली, त्यानंतर कुणी मला काही शिकवलं ते हे पहिलंच. नवरा लूमवर कामाला होता. त्याने सुट्टीच्या दिवशी ओंडक्यांना ड्रिलने भोकं पाडून दिली. मी त्यांत बी ठासलं, वरून मेणबत्तीचं मेण ओतलं आणि मोरीजवळच्या सावलीत ओंडके ओल्या गोणपाटाखाली ठेवले. सासूबाईंनी मुदत घातली, पोळ्यापर्यंत काही उगवलं नाही तर तिन्ही बंबात. मीही काही कमी नव्हते. "चालेल," म्हटलं.

चैत्रात ओंडक्यांच्या टोकांवर पांढरी बुरशी धरली. बी लागलं होतं! मी खुशीत आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले.

आठ दिवसांनी परत आले तर मोरीजवळ गोणपाट तेवढं घडी घालून ठेवलेलं. धावत गच्चीवर गेले. बिबड्या आणि कुरडयांच्या शेजारी माझे ओंडके भर उन्हात मांडलेले! वैशाखात आमच्या खानदेशी घरांत वाळवायचं म्हणजे काहीच सुटत नाही. "बुरशी लागेल व्हती व माय, वाळाले ठेवात," सासूबाई म्हणाल्या, आणि वर माझ्यावर उपकार केल्यासारखा चेहरा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोलले असते तर त्याच दिवशी वेगळं बिऱ्हाड करावं लागलं असतं, म्हणून मोरीत जाऊन रडले.

मग ओंडके पिंपात बुडवले, वर तरंगू नयेत म्हणून पाटा ठेवला. दोन दिवसांनी काढून पुन्हा सावलीत. रोज दोनदा पाणी शिंपडायचं. "मेलेल्याला पाणी पाजतेस," नवरा म्हणायचा. आषाढ संपला, तरी काही नाही. श्रावण सरत आला. पोळा चार दिवसांवर असताना सासूबाईंनी कुऱ्हाडीला धार लावून आणली.

त्याच सकाळी मी गोणपाट उचललं आणि किंचाळलेच. तिन्ही ओंडक्यांवर धिंगरी! शिंपल्यांसारखी, एकावर एक, पांढरीशुभ्र. मी ओंडक्याला मिठी मारली, खरंच मारली.

दुपारी काळ्या मसाल्यात भाजी केली. वास गल्लीभर गेला तशी शेजारीण दारात येऊन उभी राहिली. "श्रावणमा मटण करस का व?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई उठल्या. "मटण नही, मन्ही सूननं पीक शे!" त्यांनी वाटी भरून तिच्या हातात दिली, मग स्वतःच्या ताटात वाढून घेतलं. पहिला घास चावता चावता म्हणाल्या, "मी उनमा ठेवात म्हनीसन उगनं."

मी हसत त्यांना आणखी वाढलं. इतकं जिंकल्यावर तेवढं श्रेय द्यायला माझं काय जात होतं?

पुढच्या आखाजीला मी माहेरी निघाले, तर सासूबाई माझी पिशवी घेऊन दारापर्यंत आल्या. हळूच म्हणाल्या, "औंदा ओंडका कितला दिन उनमा ठेवू?"