मिस्तरीचा मान

सोनगीरच्या कमलबाईने बारा वर्षं डोक्यावर घमेलं वाहिलं, तेव्हा गावातल्या एकाही शहाण्याचा धर्म बुडाला नाही. बाईने विटा वाहाव्यात, वाळू चाळावी, पोटुशी असली तरी शिडी चढावी. सगळं शास्त्राला मंजूर. तिने थापी हातात घेतली की मात्र शास्त्राला ताप भरतो.

थापी तिला येत होती. शिकवली कुणी? कुणीच नाही. गिरधर मिस्तरी दुपारी भाकर खाऊन लिंबाखाली घोरायचा, तेवढ्यात ही मागच्या भिंतीचे चार थर चढवून मोकळी व्हायची. उठल्यावर गिरधर त्या थरांकडे बघून स्वतःवरच खूश. "झोपमाबी हात चालस मन्हा!" असं एकदा म्हणालाही होता. कमलबाईने हसू पदरात कोंबलं. पण घोरणाऱ्याच्या नावावर भिंती चढवायचा तिला वीट आला होता. चारचौघांत एकदा तरी कुणी आपल्याला मिस्तरी म्हणावं, एवढंच तिच्या डोक्यात बसलं होतं.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात झुलाल आबांनी हमरस्त्याच्या कडेला घर काढलं. सुतार लग्नसराईत अडकलेला, म्हणून दाराची जागा मोकळी ठेवून भिंती वर नेल्या. मधेच गिरधरच्या ओळंब्याचा लाकडी गट्टू फुटला. हा गट्टू वर भिंतीला टेकवायचा. त्यात ओवलेल्या दोरीला खाली लोखंडी लट्टू लोंबतो. दोघांची जाडी सारखी, म्हणून लट्टू भिंतीला जेमतेम टेकला की भिंत सरळ. गिरधरने बाभळीचं टिपरं तासून नवा गट्टू केला, तो लट्टूपेक्षा अर्धं बोट जाड.

तिसऱ्या दिवशी कमलबाई म्हणाली, "भाऊ, भिंत मांगे कलेल दिखस."

"तुन्ही मान कलेल व्हई. घमेलं उचल!"

बाईने ओळंब्याला शिवू नये, भिंत पडते, असा तिथला नियम. पुरुषाने शिवलं की पडत नाही, नुसती कलते.

चौकटीच्या मुहूर्ताला भाऊबंद जमले. आंब्याची पानं, हळदकुंकू, नारळ, सगळं झालं. सुताराने चौकट उभी धरली आणि कुणी सांगायची गरजच उरली नाही. चौकट ताठ, आणि भिंत मागे रेललेली, जेवण जड झालेल्या व्याह्यासारखी. खाली दोन्ही सारख्या, वर चौकट दोन बोटं पुढे.

"गिरधर, हाई काय शे?" आबा कडाडले.

गिरधरने आधी सुताराला दोष दिला, मग विटांना, शेवटी कमलबाईला. "हिनीच ओळंबाले हात लाया व्हई!"

आता कमलबाईचं टाळकं सटकलं. आतापर्यंत लावला नव्हता, तो हात तिने सगळ्यांदेखत लावला. ओळंबा उचलून गट्टू आणि लट्टू आबांच्या तळहातावर शेजारी शेजारी ठेवले. "आबा, तुम्हीच देखा. जाड कोण शे?"

आंधळ्यालाही कळलं असतं. गिरधर सायकलवर बसला आणि धुळ्याच्या दिशेने निघून गेला.

चौकट टेकू देऊन उभी ठेवली. चार दिवस आबांनी दुसरा मिस्तरी शोधला. लग्नसराईत कोण मिळतो? "मी बांधस," कमलबाई म्हणाली. आबांनी नाइलाजाने मान हलवली. तिने सुताराकडून मापाचा गट्टू करून घेतला, पुढची भिंत जोत्यापर्यंत उतरवली आणि नवव्या दिवशी चौकटीला भिडवून पुन्हा उभी केली. तिचा नवरा पुना माल कालवून द्यायचा आणि पातळ झाला की बोलणी खायचा.

चौकट बसली की मिस्तरीला टोपी, टॉवेल, नारळ द्यायची रीत. तो मान राहून गेला होता. भाऊबंद पुन्हा जमले. आबांची बायको शेवंताबाई ताट घेऊन आली. ताटात हिरवं लुगडं आणि खण.

कमलबाईने हात पुढे केला नाही. "अक्का, लुगडं मन्हा भाऊ देस. मिस्तरीनी टोपी कोठे शे?"

हशा पिकला. "नवरा जित्ता शे आणि बाई टोपी घाली! काय रे पुना?"

पुना एरवी तोंड उघडत नसे. त्याने स्वतःची टोपी चाचपली. "मन्ही मन्हा डोकावर शे. ती तिन्ही मांगी ऱ्हायनी."

आबांची पंचाईत झाली. टोपी द्यावी तर भाऊबंद हसणार. न द्यावी तर खिडक्यांवरचे थर बाकी, आणि कमलबाई थापी धुऊन निघायच्या तयारीत. आबा उठले. ओळंबा घेऊन स्वतः भिंतीला लावला. एकदा लावला, सरकवून पुन्हा लावला. लट्टू भिंतीला नुसता टेकला. मग त्यांनी गिरधरसाठी आणलेली पांढरी टोपी घरातून मागवली.

"घ्या, कमलबाई मिस्तरी."

'घ्या' म्हणाले. बारा वर्षांत 'घे'च्या पुढे कुणी गेलं नव्हतं. कमलबाईने डोक्यावरच्या पदरावरच टोपी घातली. टोपी मोठी, कानांपर्यंत उतरली. परत कुणीतरी फिदीफिदी हसलं.

"दात दखाडी झाया व्हतीन ते इटा द्या वर," शिडी चढत ती म्हणाली. "माल सुकी ऱ्हायना."

आबांचा सख्खा पुतण्या इकडेतिकडे बघत उठला आणि विटा वर देऊ लागला.