कोरं लुगडं

डॉक्टरांनी दोन वर्षं म्हटलं आणि आमच्या मालकांनी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं, तिथंच सगळं बिनसलं. निजामाचं राज्य होतं तेव्हा. आमच्या खेड्यातलं माणूस परभणीच्या दवाखान्यात गेलं, तर एक तर आठवड्यात चालत परत यायचं, नाही तर गाडीत आडवं होऊन. दोन वर्षं चालणारं औषध कुणी ऐकलं होतं? मला छातीचा क्षय झाला होता. दर आठवड्याला जायचं, डॉक्टर बरगड्यांमधून सुई घालून हवा भरणार, त्या हवेनं दुखरं फुफ्फुस दबून निजून राहणार, आणि मोडक्या हाताला फळ्या बांधल्यावर पडतो तसा त्याला आराम पडून आतली जखम भरणार. मला हे पटलं होतं. घरात फक्त मलाच पटलं होतं. बाकीच्यांनी ऐकलं ते एवढंच, की ही जायची आहे, वेळ तेवढा लागणार आहे.

मग माणसं भेटायला येऊ लागली. आमच्याकडे जाणाऱ्या माणसाचं तोंड बघून यायची रीत आहे. राहून गेलं की जन्माची चुटपुट लागते. सेलूकडची मावळण, म्हणजे माझी आत्या, आली, ताडकळसची नणंद आली. दारात गाडी सुटली की मी पांघरूण तोंडावर ओढून घ्यायचे. बाया पायाशी बसायच्या, पदर तोंडाला लावायच्या आणि मला ऐकू जाईल असं माझं गुणगान करायच्या. एवढे गुण माझ्यात होते, तर इतके दिवस सासरी कुणाला कसे दिसले नव्हते, देव जाणे! जाताना विचारायच्या, काय खावंसं वाटतं, मनात काही ठेवू नको. मी एकदा चिडून म्हटलं, अंडी; डॉक्टरांनी सांगितलीत. घर माळकरी. सासूबाई उठून आत गेल्या.

त्यांनी मालकांजवळ विषय काढला होता. त्या जिवाला कशाला टोचत बसायचं, सुखानं जाऊ द्या म्हणून. मालक हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. सुईचा पहिला दिवस जवळ आला, तरी गाडीची गोष्ट कुणी काढेना. मला जगायचं होतं हो. लेक अजून रांगत होती. जावेच्या कडेवरून ती माझ्याकडे हात करायची आणि मी तोंड भिंतीकडे फिरवायचे. क्षय लागतो म्हणून तिला माझ्याजवळ येऊ द्यायचं नव्हतं, आणि ते बरोबरच होतं.

आता एकच आशा होती, माझी माय. ती आली की चार शब्द सुनावील, मला परभणीला न्यायला लावील, असं धरून बसले होते. ती आली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि रडली. गाडीबद्दल काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आडावर गेली असताना मी फणीसाठी तिचं गाठोडं सोडलं. आत हिरवंगार लुगडं, कोरं. त्याच्या घडीत हिरवा चुडा आणि हळदीकुंकवाची पुडी.

सवाष्ण गेली की तिला माहेरचं लुगडं नेसवून नेतात. ऐनवेळी धावपळ नको म्हणून मायनं आधीच आणलं होतं.

ती ओल्या पायांनी दारात आली, तेव्हा लुगडं माझ्या मांडीवर होतं. मी म्हटलं, "माय, तूबी?"

ती खाली बसली. म्हणाली, "लोक काय म्हणतील गं? हिला माहेर हुतं का न्हाई म्हणतील."

माझं डोकंच फिरलं. मेल्यावर नेसवणार ते जितेपणीच नेसते म्हणाले, आणि धापा टाकत, भिंतीला धरत नेसले. चुडाही भरला. तशीच ओसरीवर येऊन मालकांसमोर उभी राहिले. त्यांनी मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि जाऊन बैल जुंपले. पिंगळीला रेल्वे धरली.

दवाखान्यात कुशीवर निजवून डॉक्टरांनी सुई घातली. छाती आवळत आवळत गेली, खांद्यात कळ आली, श्वास अर्ध्यावरच अडायला लागला. डॉक्टर म्हणाले, छान झालं, पुढच्या आठवड्यात या. छान म्हणणारं त्या दिवसांत ते एकच माणूस भेटलं. परतीच्या वाटेवर मालकांनी माझ्या अंगावर स्वतःचं घोंगडं घातलं. मला वाटलं, आता जमेल.

घरी येऊन लुगडं सोडलं आणि अंथरुणावर पडले. मायनं ते उचललं, बाहेर नेऊन पाण्यात घातलं. कुडाच्या पलीकडून तिचा आवाज आला. जावेला सांगत होती,

"घडी मोडली बाई तिनं. नेसलेलं चालत न्हाई. आता दुसरं कोरं आणावं लागंल."