ब्राऊनीवरचं ओलं खोबरं

नवऱ्याला जाऊन पाच महिने झाले आणि मुलीचा नववा वाढदिवस आला. केक नको, कपडे नकोत, पप्पा करायचे ती ब्राऊनी हवी, एवढंच तिनं मागितलं. मी हो म्हणून बसले आणि मग विचारात पडले.

धाटावच्या कंपनीत शिफ्ट करणारा हा माणूस सुट्टीच्या दिवशी मोबाइलवर बघून ब्राऊनी शिकला होता. मोबाइलवरची बाई वर अक्रोड आणि सुकं खोबरं पसरायची. ह्यांचं म्हणणं, आईच्या दारचे नारळ असताना सुकं खोबरं कशाला? मग ओलं खोबरं हे गुळात परतायचे, त्यात काजू घालायचे आणि ब्राऊनी होत आली की वर थापायचे. थोडक्यात, मोदकाचं सारणच. मी चिडवायचे, आता उकडूनच काढा, म्हणजे बाप्पालाही चालेल.

अडचण त्या सारणाचीच होती. आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की वर्षभर गोडासाठी कढई चढवत नाहीत. सणाला शेजारीपाजारी आणून देतील तेवढंच. सासूबाईंची सारी हयात पेणजवळच्या मिठागरात गेलेली. मुलगा गेल्यावर त्या तिथलं घर बंद करून आमच्याकडे रोह्याला आल्या, आणि तेव्हापासून त्यांनी गोडाचा कणही तोंडात घातला नव्हता. चहासुद्धा बिनसाखरेचा. जेवायला बसायच्या आणि दोन घासांत उठायच्या. वर्ष सरायच्या आत त्याही जातील अशी मला भीती वाटायची. हे मी कुणापाशी बोलले नव्हते.

मी पळवाट काढली. ओव्हन म्हणजे काही कढई नव्हे. कच्चंच खोबरं साखरेत कालवलं, काजू टाकले आणि ब्राऊनीवर पसरून भाजायला ठेवलं. व्हायचं तेच झालं. खोबऱ्याला पाणी सुटलं, ब्राऊनी मधोमध बसली आणि वर नुसता पांढरा चिखल. मुलीनं वाकून बघितलं आणि चालेल म्हणाली. नऊ वर्षांच्या पोरीचा तो समजूतदारपणा मला सहन झाला नाही. ओट्याला टेकून मी रडले, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिच्यासमोर.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या आत आल्या, चमच्यानं वरचा चिखल खरवडून काढला आणि फळीवरची कढई खाली घेतली. आई, अजून वर्ष व्हायचंय, मी म्हणाले.

"व्हय, ठाव हाय," त्या म्हणाल्या. "पोरीचा बापूस गेलाय, पोर नाय गेली. नारळ फोड गो."

मी नारळ फोडून खवला. त्यांनी गूळ चिरला आणि मंद गॅसवर परतायला घेतलं. सारण आळत आलं तशी त्यांनी चिमूटभर उचललं, फुंकर घातली आणि जिभेवर ठेवलं. आजवर प्रत्येक पदार्थ त्यांनी असाच चाखून बघितला होता. तोंडात गेल्यावर मात्र त्यांच्या लक्षात आलं आणि उलथनं फिरवणारा हात थांबला. थुंकून टाकतील असं मला वाटलं.

त्यांनी ते सावकाश चावलं आणि गिळलं. डोळ्यांतलं पाणी गालांवर आलं, तेही पुसलं नाही.

"अजून गूळ टाक," त्या म्हणाल्या. "त्याला येवढ्यानं गोड नाय लागायचं."